उजव्या हाताची वाघर

आटपाडीत सोनिया मेटकरीला कुणी डॉक्टर म्हटलं की पंचाईत व्हायची. शेजारची बनाबाई लगेच गुडघा पुढे करायची. "आवं काकू, मी तसली डॉक्टर न्हाई," असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कसली?" एकदा सोनियानं मांडी ठोकून नीट सांगून पाहिलं. सूर्यात जी आग धगधगते, तशीच आग इथं जमिनीवर एका भांड्यात पेटवायची आणि तिच्यावर वीज करायची, असलं आमचं काम. बनाबाईनं डोईवरचा पदर पुढं ओढत रखरखत्या माळाकडं पाहिलं. "का? हाय तेवढं ऊन पुरंना व्हय?"

यावर कुठल्याच प्रबंधात उत्तर नव्हतं. पण बनाबाईला हसणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की या विषयाला पैसे देणारे मोठमोठे लोकही गेली साठ-सत्तर वर्षं साधारण तेच विचारत आले आहेत.

सोनियाचे वडील आप्पासो जातीचे मेंढपाळ. तिच्या लहानपणी दीडशे मेंढरं होती, आता साठ उरली. दिवस कलला की मेंढरं एका जागी आणायची, भोवतीनं बारा खुंट्या ठोकायच्या आणि त्यांना वाघर, म्हणजे कमरेइतक्या उंचीची सुताची जाळी, ओढायची. ती ओढताना मेंढरं उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं, हा आप्पासोंच्या घरातला दंडक होता. देवळात प्रदक्षिणा घालतो तसं. कुणी उलटं फिरलं तर त्या वाघरीत लांडगा शिरतो म्हणे. सोनिया विश्रामबागच्या कॉलेजात बीएस्सीला गेली तेव्हा तिनं यावर बापाशी कडकडून वाद घातला होता. लांडग्याला घड्याळ कळतं का, म्हणाली होती. वाद घातला, तरी वाघर ओढायला उठली की फिरायची मात्र सुलटीच. डोकं शिकतं तेवढ्या लवकर पाय शिकत नाहीत.

कोल्हापुरात एमएस्सी करून ती गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेत गेली आणि तिथं तिला जन्माचं काम मिळालं. सूर्यातल्यासारखा तापलेला वायू धरून ठेवील असं भांडं कुठल्याच धातूचं होत नाही. म्हणून मेदूवड्याच्या आकाराचं पोकळ यंत्र बांधतात आणि त्याच्या आत चुंबकाच्या जोरावर तो वायू भिंतीला न शिवता गोल फिरता ठेवतात. पण तो नांदत नाही. मधूनच त्याच्यात एक लाट उठते, त्या वड्यासारख्या पोकळीत गोल फिरू लागते, आणि फिरता फिरता थांबली की वाढत जाते आणि सगळा वायू भिंतीवर फुटतो. ही लाट ओळखायला यंत्राच्या बाहेरून तारेची बारा वेटोळी बसवलेली असतात. लाट ज्या वेटोळ्यापुढून जाईल, त्याच्यात नाडीसारखा ठोका उमटतो.

अकरा वर्षांपूर्वी त्या संस्थेतल्या यंत्रावर ही वेटोळी बसवली सोनियानं. आणि तिच्या मोजणीत एक नवल निघालं. जगभरच्या यंत्रांत लाट एका बाजूनं फिरते, या यंत्रात ती उलट बाजूनं फिरत होती. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बसला. तिचे गुरू, मूळचे साताऱ्याचे जयराज सर, यांनी ते आकडे तीनदा तपासले, निबंधावर दोघांची नावं लागली, आणि सोनिया मेटकरी म्हटलं की परदेशातल्या सभांमध्ये लोक 'उलट्या लाटेवाली' म्हणून ओळखू लागले. पुढे ते यंत्र मोडून भंगारात निघालं. सर निवृत्त होऊन साताऱ्याला आले. सोनिया विश्रामबागला कॉलेजात शिकवू लागली आणि उरलेल्या वेळात जुनी मोजणी उकरत बसली. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याचं दुःख तिच्यापेक्षा तिच्या आईला, रंगुबाईला, जास्त.

मग एका श्रावणात तो फोन आला. संस्था त्याच जातीचं पण दसपट मोठं यंत्र बांधत होती. त्यातली लाट थांबू नये म्हणून तिला चुंबकानं सतत पुढं ढकलायचं होतं, आणि ढकलायचं कुठल्या बाजूला ते सोनियाच्या निबंधावरून ठरलं होतं. त्या गटाची प्रमुख म्हणून तिला बोलावलं. आराखड्यावर सोमवारी सही होणार होती, एकदा सही झाली की तांबं कापायला जाणार. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती गोष्ट अशी दारात येऊन उभी राहिल्यावर सोनियाला दुसरं काही सुचेना. गुरुवारी कॉलेज सुटल्यासुटल्या एसटी धरून ती आटपाडीला गेली, आईबापाला सांगायला.

आप्पासो रानात होते. तेल्या रोगानं गेलेली डाळिंबाची बाग काढून टाकलेल्या एका रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. सोनियानं पदर खोचला आणि वाघर खांद्यावर घेतली. आप्पासो खुंटी ठोकत पुढं, ती जाळी अडकवत मागं. उगाच खुशीत होती, म्हणून लहानपणीसारखी मोठ्यानं मोजू लागली. एक. दोन. तीन. मेंढरं उजव्या हाताला.

सातव्या खुंटीला तिचा आवाज बंद पडला.

बारा खुंट्या. बारा वेटोळी. तिला अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. हातात काळा मार्कर घेऊन ती यंत्राभोवती फिरत होती, एकेका वेटोळ्यावर आकडा घालत होती, आणि मागून जयराज सर वहीत उतरवून घेत होते. यंत्र कुठल्या हाताला होतं? प्रयोगशाळेचा जगभरचा नियम असा, की वरून पाहिलं तर आकडे घड्याळाच्या उलट दिशेनं वाढत गेले पाहिजेत. म्हणजे यंत्र डाव्या हाताला. तिच्या सगळ्या निबंधांत तसंच छापलेलं होतं. पण ती आयुष्यात कधी कशाच्या भोवती डावा हात आत ठेवून फिरली होती?

आकडे उलटे पडले असतील तर लाट उलटी नव्हतीच. जगात फिरते तशीच फिरत होती. उलटी होती ती फक्त सोनिया.

"काय गं, थांबलीस?" आप्पासो म्हणाले.

"काय न्हाई आप्पा. विसरले आकडा."

वाघर पुरी झाल्यावर आप्पासोंनी मेंढरं मोजली, तर एकसष्ट. कानावरची खूण पाहून ते म्हणाले, "ह्ये केरबाचं." दुसरा मेंढपाळ केरबा पलीकडच्या रानात मेंढरं बसवून होता. आप्पासोंनी लगेच फोन काढला आणि त्याला सांगून टाकलं, तुझं एक मेंढरू हिकडं हाय. रंगुबाई भाकरी बांधून घेऊन आली होती, ती म्हणाली, "जेवून सांगितलं असतं तरी पळून चाललं न्हवतं."

"त्यानं इचारायच्या आत सांगायचं," आप्पासो म्हणाले. "इचारल्यावर सांगितलं तर ती चोरी."

हे वाक्य सोनियानं लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं भाकरी तशीच बांधून ठेवली. नेमणुकीची बातमी तिनं सांगितलीच नाही. सहज आले होते, म्हणाली.

पण आठवणीवर भरवसा काय ठेवायचा? माणसाला भीती वाटली की त्याला हवं ते आठवतं आणि नको तेही आठवतं. यंत्र तर भंगारात गेलेलं. शुक्रवारी रजा टाकून ती विश्रामबागच्या खोलीत संगणकापुढं बसली आणि दुपारपर्यंत तिला वाट सापडली. यंत्रात वायू सोडायची एक झडप होती. ती उघडताना तिचा स्वतःचा एक बारीक चुंबकी ठोका शेजारच्या वेटोळ्याला लागत असणार. प्रयोग सुरू व्हायच्या आधीचा तो तुकडा सगळेच कचरा म्हणून कापून टाकत, सोनियाही टाकत आली होती. झडपेची जागा मात्र यंत्राच्या नकाशात पक्की होती. आकडे बरोबर असतील तर ठोका तीन नंबरला दिसेल. उलटे असतील तर, एकपासून उलट बाजूनं मोजत, अकरा नंबरला.

तिनं तीन नंबर उघडला. सपाट रेघ. ठोक्याचा मागमूस नाही.

अकरा नंबर उघडायला तिला दीड तास लागला. मध्ये तिनं चहा केला आणि तो ओट्यावरच निवला. वाळलेले कपडे घड्या करून ठेवले. आईला फोन करून केरबा मेंढरू घेऊन गेला का, हे विचारलं. गेला होता. मग विचारायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं अकरा नंबर उघडला आणि रेघेच्या सुरुवातीलाच तो ठोका होता, नखाएवढा, पण स्वच्छ. तिनं दुसरा प्रयोग उघडला, तिसरा उघडला. असे चाळीस पाहिले. चाळीसच्या चाळीस वेळा अकरा नंबर.

तिला रडू आलं नाही, भीती वाटली. परीक्षेत पेपर हातात घेतल्यावर काहीच येत नाही हे कळतं तशी. अकरा वर्षं जगानं जे तिच्या नावानं सांगितलं, ते खोटं होतं. आणि सोमवारी सही झाली तर ते कोट्यवधींचं नवं यंत्र लाटेला पुढं ढकलण्याऐवजी थोपवून धरणार, थांबलेली लाट वाढणार, आणि सगळं भिंतीवर फुटणार. पत्र लिहायला हवं होतं. तिनं लिहिलंही, चार ओळींचं. पण खाली दुसरं नाव होतं जयराज सरांचं. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या एका संस्थेकडून सरांचा जीवनगौरव व्हायचा होता, आणि तो याच निबंधासाठी. आपलेच दात, आपलेच ओठ. सरांना न सांगता ते पत्र धाडणं तिच्यानं होईना.

येते एवढंच सरांना कळवून शनिवारी सकाळच्या एसटीनं ती साताऱ्याला गेली. कराडपर्यंत तिनं सरांपुढं बोलायचं वाक्य सात-आठ वेळा मनात जुळवलं, आणि पुढं उंब्रजला ते सगळं विस्कटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण हिनं तर अजाणता खाल्लं होतं आणि तरी घसा जळत होता.

सरांच्या पत्नी सुलाबाईंनी दार उघडलं. "आलीस? हे सकाळपासून पाहुणचाराच्या तयारीत आहेत," म्हणाल्या. आत टेबलावर पोह्यांच्या बशा मांडलेल्या. सोनियानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाघर, खुंट्या, झडप, अकरा नंबर. तिचं संपल्यावर सर उठले, आणि सहासष्ट वर्षांचे ते गृहस्थ जेवणाच्या टेबलाभोवती हळूहळू चालू लागले, एकेका खुर्चीला बोट लावत. एक, दोन, तीन. टेबल त्यांच्या उजव्या हाताला होतं. चौथ्या खुर्चीपाशी त्यांच्या ते ध्यानात आलं आणि ते तिथंच बसले.

"मी तुझ्या मागंच होतो," ते म्हणाले. "तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा असाच फिरलो असणार."

"हो सर."

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणालाच नाही."

"मग सोमवारपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस."

सोनियाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "सर, सोमवारीच सही आहे."

"मला माहीत आहे. तू पोहे खा आणि घरी जा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पोहे खाल्ले असतील किंवा नसतील, तिला आठवत नाही. परतीच्या एसटीत तिला सरांचा भयंकर राग आला. एका शालीसाठी, एका नारळासाठी हा माणूस सोमवार उलटू देणार! पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी एक सुटकाही होती. सरांनीच गप्प राहायला सांगितलं म्हटल्यावर पाप निम्मं त्यांचं. ही सुटका तिला कळली, आणि तिची तिलाच किळस आली. तरी पत्र गेलं नाही. मोबाइलमध्ये ते तसंच पडून राहिलं.

रविवारी सकाळी ती पुन्हा आटपाडीला गेली. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुपारी जेवायच्या वेळी मोबाइल वाजला. गुजरातेहून प्रकल्पप्रमुखांचं पत्र होतं. तिनं ते रंगुबाईच्या चुलीपुढं उकिडवं बसून वाचलं. जयराज सरांनी काल दुपारीच कळवलं होतं, की जुन्या यंत्रावरच्या वेटोळ्यांना आकडे त्यांनी स्वतः घातले आणि ते उलटे पडले. आराखड्यातली दिशा आता बदलली आहे. मोठं संकट टळलं. सरांच्या चुकीमुळे तुमच्या प्रबंधालाही झळ बसते याचं वाईट वाटतं, पण यात तुमचा दोष नाही, तुमची नेमणूक कायम आहे.

तिनं बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"सर, आकडे मी घातले होते."

"मी तपासले होते. तपासणाऱ्याची चूक मोठी असते."

"पण तुमचा सत्कार?"

"गेला. त्यांना तसं कळवलंय. माझं काय जायचं होतं गं? एक शाल आणि एक श्रीफळ. कपाटात अठरा शाली आहेत, सुला विचारते यांचं काय करू. तुझं अजून सगळं व्हायचंय. आता गप्प बस. सगळ्यांचं भलं झालंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

सगळ्यांचं भलं झालं होतं हे खरंच. यंत्र वाचलं, जागा वाचली. एका म्हाताऱ्या माणसाचं नाव तेवढं गेलं, ते त्यानं आपखुशीनं दिलं. आता सोनियाला कुणी काही विचारणार नव्हतं, आज नाही आणि पुढंही नाही. हे जसजसं तिला नीट समजत गेलं तसतसा तिचा जीव घाबरा होत गेला. शुक्रवारी वाटली होती त्याहून ही भीती मोठी होती, कारण तेव्हा निदान पकडलं जाण्याची तरी सोय होती. ती अंगणात आली, आत गेली, पुन्हा आली. रंगुबाई म्हणाली, "काय इसरलंय का तुझं कुठं?"

दिवस कलल्यावर ती बापाबरोबर रानात गेली. वाघर ओढता ओढता तिनं सगळं सांगितलं, त्यांना कळेल अशा बेतानं. आप्पासो खुंटीवर दगड हाणत ऐकत होते.

"म्हंजी अकरा वर्सं उलटी फिरलीस?"

"न्हाई आप्पा. सुलटी फिरले. त्येच चुकलं."

आप्पासोंना हसू आलं. मग तिचं तोंड पाहून ते थांबले. खरं म्हणजे ते दचकलेच असावेत. ज्या रिवाजावर जन्म काढला, जो पोरीला शिकवला, त्यानंच पोरीचा घात केला होता. हातातला दगड त्यांनी खाली ठेवला.

"आता सांगितलंस तर जागा जाईल?"

"जाईल बहुतेक."

"आन कुणी इचारलंय का?"

"न्हाई. कुणी इचारणारबी न्हाई."

आप्पासोंनी दगड पुन्हा उचलला. सांग म्हणाले नाहीत, सांगू नको म्हणाले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "लय लांब शिकलीस बाय तू. माझं तिथं काय चालतंय?" आणि पुढची खुंटी ठोकायला गेले.

सोनिया वाघर हातात धरून तिथंच उभी राहिली. मग तिनं मोबाइल काढला. जुनं चार ओळींचं पत्र पुसून टाकलं आणि प्रकल्पप्रमुखांना दोनच वाक्यं लिहिली. वेटोळ्यांवर आकडे मी माझ्या हातानं घातले. जयराज सर माझ्यावर विश्वास ठेवून मागून चालत होते. बोट उचलण्याआधी पत्र गेलंसुद्धा.

उत्तर मंगळवारी आलं. नेमणुकीचा पुनर्विचार होईल, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. महिन्याभरानं ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याच मंगळवारी साताऱ्याहून फोन आला. "मूर्ख आहेस," जयराज सर म्हणाले, पण फोन ठेवला नाही. पलीकडं ते नाक ओढत होते. सोनियानंही फोन कानाला धरून ठेवला.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात संस्थेनं तिला बोलावलं, प्रमुख म्हणून नव्हे, गटातली एक म्हणून. नव्या यंत्रावर अठ्ठेचाळीस वेटोळी बसली होती, त्यांना आकडे घालायचे होते. या कामाला तुमच्याइतकं घाबरलेलं माणूस आम्हाला दुसरं मिळणार नाही, असं नव्या प्रमुखानं हसत सांगितलं. तिलाही हसू आलं, पण थोडंच.

मार्कर घेऊन ती यंत्रापाशी गेली. पहिल्या वेटोळ्यावर एक लिहिला. पाऊल उचललं तर यंत्र उजव्या हाताला. ती तिथंच थांबली, मागं फिरली, डावा हात थंड धातूवर टेकवला आणि चालू लागली. दोन. तीन. चार. उलटं चालताना मानेवर काटा आला. एवढी शिकलेली बाई, पण चौथ्या आकड्यापाशी तिला लांडगा आठवला. तिनं एकदा मागं वळून पाहिलं, आणि पाच लिहिला.